पॉलिसी मोडण्याआधी थांबा : आजारपणात विम्यातून जिवंतपणी काय मिळते



मागच्या वर्षी बारामतीतल्या एका वस्तीत आम्ही जलदानविधीला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. कार्यक्रम झाल्यावर त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून आमच्या हातात दिला. २ लाखांची आयुर्विमा पॉलिसी होती. ११ वर्षे हप्ते वेळेवर भरलेले. आजार कळल्यावर पैशाची घाई झाली, कोणीतरी म्हणाले मोडून टाका, आणि घरच्यांनी पॉलिसी मोडली. हातात आले सुमारे ९० हजार. त्यानंतर अडीच महिन्यांत माणूस गेला. पॉलिसी मोडलेली होती, त्यामुळे मृत्यूनंतर काहीच मिळाले नाही.

ती बाई म्हणाली, "ताई, आमचं चुकलं का?"

चूक तिची नव्हती. तिला दुसरा रस्ता आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही त्या घरी ड्रेसिंग करायला जात होतो, औषधांच्या वेळा लिहून देत होतो, पण "घरात विमा आहे का" हे आम्हीही कधी विचारले नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर गोळ्या-औषधांऐवजी विम्याच्या कागदाबद्दल लिहीत आहोत. मोठ्या आजारात हा कागदही उपचाराचाच भाग असतो.

मोडणे आणि कर्ज काढणे यातला फरक

त्याच घराचा हिशोब मांडू. पॉलिसी मोडल्यावर जी रक्कम मिळते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. ती ९० हजार होती. पण पॉलिसी न मोडता तिच्यावर कर्जही मिळते. एल.आय.सी.मध्ये हप्ते चालू असलेल्या पॉलिसीवर साधारणपणे सरेंडर व्हॅल्यूच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. म्हणजे ८१ हजार मिळू शकले असते. त्या दिवशी हातात फक्त ९ हजार कमी आले असते, पण पॉलिसी जिवंत राहिली असती.

माणूस गेल्यावर विम्याचे २ लाख आणि ११ वर्षांचा बोनस देय झाला असता. त्यातून ८१ हजार कर्ज वजा केले तर १ लाख १९ हजार उरतात. अडीच महिन्यांचे व्याज वर्षाला १० टक्क्यांनी धरले तरी २ हजारांच्या आत. म्हणजे १ लाख १७ हजार आणि वर बोनस, एवढे पैसे त्या बाईला आणि मुलांना मिळाले असते. फक्त ९ हजारांच्या फरकासाठी ते गेले.

म्हणून एक गोष्ट पाठ करून ठेवा : आजारी माणसाची पॉलिसी मोडणे हा सगळ्यात शेवटचा उपाय. आजारी माणसाला नवीन विमा मिळत नाही. जो आहे तोच जपायचा.

बाबासाहेबांनी विम्याकडे कसे पाहिले

विमा ही पैसेवाल्यांची गोष्ट आहे असे आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. १९४७ साली त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. विमा हा धंदा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी त्यात आहे. कमावता माणूस पडला की घर सावकाराच्या दारात जाते, हे त्यांनी आपल्या वस्त्यांत डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे १९५६ मध्ये सरकारने आयुर्विमा कंपन्या ताब्यात घेतल्या आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला भारतीय आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एल.आय.सी., सुरू झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. सक्तीचा विमा मात्र आला नाही. त्यामुळे कोणाकडे विमा आहे, कोणाकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला त्यात काय लिहिले आहे हे ठाऊक नाही, अशी आजची स्थिती आहे.

आधी ओळखा, आपला विमा कोणता

बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर या भागातल्या वस्त्यांत फिरताना आम्हाला मुख्यतः चार प्रकारचे कागद दिसतात.

पहिला, बचतीसह विमा. एल.आय.सी.ची एंडोमेंट किंवा मनी बॅक पॉलिसी. मुदत संपल्यावर पैसे मिळतात, मधे मृत्यू झाला तरी मिळतात. कर्ज मिळते ते याच प्रकारावर. मनी बॅकमध्ये ठरावीक वर्षांनी रक्कम परत येते. उदाहरणार्थ, एल.आय.सी.च्या वीस वर्षांच्या मनी बॅकमध्ये ५, १० आणि १५ वर्षांनी विमा रकमेचे २०-२० टक्के मिळतात. बँक खाते बदलल्यामुळे हे हप्ते कित्येकांच्या खात्यात जमाच झालेले नसतात. आजारपणात आधी ते पाहा. ते आपलेच पैसे आहेत, त्यासाठी कर्ज लागत नाही.

दुसरा, टर्म विमा. हप्ता कमी, विमा रक्कम मोठी, पण साध्या टर्म पॉलिसीत जिवंतपणी काही मिळत नाही आणि तिच्यावर कर्जही नाही. मात्र काही कंपन्यांच्या टर्म पॉलिसीत एक कलम असते. आजार बरा होणारा नाही आणि सहा महिन्यांच्या आत मृत्यू संभवतो असे तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहून दिले, तर मृत्यूनंतरची रक्कम आधीच देतात. कागदावर 'टर्मिनल इलनेस' हे शब्द शोधा.

तिसरा, बँकेच्या खात्यातून कापला जाणारा विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये कापतात. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख मिळतात. वयाच्या १८ ते ५० वर्षांपर्यंत यात नाव घालता येते आणि पन्नाशीच्या आत घातले असेल तर ५५ पर्यंत चालू ठेवता येते. आजारपणात यातून एक रुपयाही मिळत नाही, मोडताही येत नाही. पण घरात कोणी आजारी असेल तर मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या खात्यात ४३६ रुपये शिल्लक आहेत ना, हे न विसरता पाहा. वर्ष १ जूनला सुरू होते. खाते रिकामे असेल तर विमा बंद पडतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा २० रुपयांचा आहे, तो फक्त अपघाताचा. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हात, पाय, डोळे गेले तर २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. आजारासाठी तो नाही.

चौथा, पगारातून हप्ता कापला जाणारी पॉलिसी. नगरपरिषदेचे कायम सफाई कामगार, साखर कारखान्यातले कामगार, शाळेतले शिपाई यांच्याकडे ती असते. इथे मोठा धोका आहे. आजारी माणूस बिनपगारी रजेवर गेला की पगार निघत नाही आणि हप्ताही जात नाही. घरच्यांना वाटते पॉलिसी चालू आहे, आणि ती बंद पडलेली असते. बिनपगारी रजा सुरू झाली की त्याच महिन्यापासून हप्ता स्वतः शाखेत नेऊन भरा.

मोठ्या आजारावर रक्कम देणारा रायडर

काही पॉलिसींना जोडून जास्तीचा करार असतो. त्याला रायडर म्हणतात. क्रिटिकल इलनेस रायडर असेल तर ठरलेल्या मोठ्या आजाराचे निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकदम मिळते. दवाखान्याची बिले दाखवायची गरज नसते. ही रक्कम भाड्याला वापरा, मुलांच्या फीला वापरा, कोणी विचारत नाही.

या कल्पनेमागे एक डॉक्टरच होता. दक्षिण आफ्रिकेतले हृदयशल्यविशारद मारियस बर्नार्ड यांनी पाहिले की शस्त्रक्रियेने रुग्ण जगतो, पण आजारपणात कमाई बुडाल्याने घर बुडते. त्यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये अशा प्रकारचा विमा प्रथम निघाला. आपल्याकडे एल.आय.सी.ने 'आशा दीप' नावाची पॉलिसी काढली होती. कॅन्सर, कायमचे अपंगत्व आणणारा लकवा, दोन्ही किडन्या निकामी होणे आणि हृदयाची बायपास शस्त्रक्रिया या चार गोष्टींत विमा रकमेचा अर्धा भाग लगेच आणि त्यानंतर दरवर्षी १० टक्के मिळत, पुढचे हप्तेही माफ होत. आता एल.आय.सी.च्या क्रिटिकल इलनेस रायडरमध्ये १५ आजार आहेत. जुना बाँड असेल तर त्याचे नाव नीट वाचा.

मात्र रायडर असला म्हणजे पैसे मिळालेच असे नाही. आम्ही नर्सिंग शिकलो म्हणून या अटी आम्हाला कळतात. त्या अशा :

१. लकवा मारला पण काही तासांत माणूस पूर्ण बरा झाला, तर ते यात धरत नाहीत. मेंदूचे कायमचे नुकसान आणि त्याचा परिणाम किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो.
२. किडनीसाठी नियमित डायलिसिस सुरू असावे किंवा किडनी बदललेली असावी. नुसते क्रिएटिनिन वाढून चालत नाही.
३. कॅन्सर बायोप्सीने सिद्ध व्हावा लागतो. अगदी सुरुवातीचा, न पसरलेला कॅन्सर बहुतेक रायडरमधून वगळलेला असतो.
४. पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्यात निदान झाले तर रक्कम मिळत नाही. निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण जिवंत असावा, अशीही अट पुष्कळ ठिकाणी असते. दिवस किती, ते बाँडवर लिहिलेले असते.

अपघाताचा रायडर वेगळा असतो. एल.आय.सी.च्या अपघाती मृत्यू व अपंगत्व रायडरमध्ये अपघाताने कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर रायडरची रक्कम दहा वर्षे दरमहा हप्त्यांनी मिळते. एम.आय.डी.सी.त मशीनवर काम करणाऱ्यांनी आणि गवंडीकाम करणाऱ्यांनी हे जरूर तपासावे.

पॉलिसीवर कर्ज कसे काढायचे

बारामतीत एल.आय.सी.ची शाखा आहे. मूळ बाँड, विमाधारकाचे आधार आणि पॅन कार्ड, बँकेचे पासबुक घेऊन जा. आधी फक्त दोन आकडे लिहून मागा : आजची सरेंडर व्हॅल्यू किती आणि कर्ज किती मिळेल. हे विचारायला पैसे लागत नाहीत. आकडे पाहून घरी या, विचार करा, मग अर्ज करा.

व्याज साधारण वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास असते आणि ते सहामाहीने आकारतात. ६० हजार कर्ज घेतले तर वर्षाला ६ हजार व्याज. हेच ६० हजार वस्तीतल्या सावकाराकडून महिना शेकडा पाचने घेतले तर महिन्याला ३ हजार आणि वर्षाला ३६ हजार व्याज जाते. गटाच्या नावाने येणाऱ्या फायनान्स कंपनीने वर्षाला २४ टक्के लावले तर १४ हजार ४०० रुपये, आणि दर आठवड्याला दारात माणूस उभा.

कर्जाची मुद्दल लगेच फेडायची सक्ती नसते. पण व्याज थकवू नका. पुढचे हप्तेही भरले नाहीत आणि व्याजही साचून कर्ज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेले, तर कंपनी पॉलिसी बंद करून हिशोब मिटवू शकते. कर्ज घेतले म्हणून नॉमिनीचे नाव जात नाही, हेही लक्षात ठेवा.

बाँड मात्र सावकाराकडे गहाण ठेवू नका. त्याने दिलेल्या कोणत्याही कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

हप्ता भरणे अगदीच अशक्य झाले तर पॉलिसी मोडण्याआधी 'पेड-अप' हा पर्याय विचारा. ठरावीक वर्षे हप्ते भरलेले असले तर पुढे न भरताही पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू राहते. २० वर्षांच्या २ लाखांच्या पॉलिसीचे ११ वर्षे हप्ते भरले, तर साधारण १ लाख १० हजार आणि तोपर्यंतचा बोनस शिल्लक राहतो. तो मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर मिळतो. मात्र रायडर असेल तर तो हप्ते थांबल्यावर सहसा बंद होतो.

वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. ती उलटली की पॉलिसी बंद पडते. पाच वर्षांच्या आत ती पुन्हा चालू करता येते, पण त्यासाठी तब्येतीचा जबाब द्यावा लागतो. कॅन्सरचे निदान झालेल्याला तो देऊन पॉलिसी सुरू करून मिळणे फार अवघड. म्हणून घरात मोठा आजार निघाला की किराण्याच्या यादीतच विम्याचा हप्ता लिहा.

विम्याला हात लावण्याआधी

उपचाराचा खर्च आधी सरकारी योजनेतून करायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. डायलिसिस, केमोथेरपी, हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. दोन्ही कागदांवर नाव सारखे आहे का, ते आजच पाहा. चौकशीसाठी फोन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि पुण्याला ससूनमध्ये आधी विचारा, खासगीत नंतर जा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही मागा.

ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापतात त्यांनी ते विसरू नये. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. टी.बी., कॅन्सरसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, अटी पूर्ण होत असतील तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कंत्राटदाराकडे काम करत असाल तरी पगारपावतीवर ही कपात आहे का पाहा.

योजना उपचाराचा खर्च देते. पण एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली रोजंदारी आणि घरभाडे देत नाही. विम्याचे पैसे त्यासाठी राखून ठेवा.

दवाखान्यातून कोणते कागद घ्यायचे

बायोप्सीचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि सी.टी. स्कॅनचे रिपोर्ट, प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड, डायलिसिसच्या तारखांची नोंद. निदान प्रथम कोणत्या तारखेला झाले हे डिस्चार्ज कार्डवर स्पष्ट लिहून घ्या. मूळ कागद घरी ठेवा, दाखवायला झेरॉक्स न्या.

आणि एक गोष्ट, जी आम्ही वॉर्डात पुष्कळदा पाहिली. माणूस व्हेंटिलेटरवर गेल्यावर नातेवाईक बाँड घेऊन धावतात. तोवर सही कोण करणार? कर्जाचा अर्ज, नॉमिनी बदलणे, बँकेचे काम, हे सगळे रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोलून, त्याच्या मर्जीने करा. सही येत नसेल किंवा हात चालत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार कसे लागतात ते शाखेत विचारा. आजारी माणसाजवळ पैशाचा विषय काढू नये असे आपण मानतो. पण पुष्कळदा त्यालाच घराची काळजी लागलेली असते. विषय निघाला की त्याचे मन हलके होते, असा आमचा अनुभव आहे.

लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर नॉमिनी आई किंवा वडील असतात. ते हयात नसतील तर आजच बदला.

अडवणूक झाली तर

विमा घेताना एजंटने फॉर्म भरला आणि तंबाखू, मिश्री, साखर, बी.पी., जुना टी.बी. या सगळ्यापुढे 'नाही' लिहिले, असे पुष्कळांचे झालेले असते. पुढे क्लेमच्या वेळी तेच आडवे येते. म्हणून फॉर्म वाचून घ्या आणि खरे तेच लिहा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू होऊन, किंवा बंद पडून पुन्हा चालू होऊन, तीन वर्षे झाल्यावर कंपनीला अशा कारणावरून पॉलिसी नाकारता येत नाही.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोहोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्यातल्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामक प्राधिकरणाचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे. "तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, आधी पैसे भरा" असा फोन आला तर तो ठग समजा. प्राधिकरण कोणालाही असे फोन करत नाही.

या रविवारी एवढे करा

पेटीतून सगळे बाँड आणि पासबुके काढा. एका वहीत लिहा : पॉलिसीचे नाव आणि नंबर, रक्कम, हप्त्याची तारीख, शेवटचा हप्ता कधी भरला, नॉमिनी कोण, रायडर आहे की नाही. ही वही घरातल्या बाईला आणि मोठ्या मुलीला किंवा मुलाला दाखवा. वाचता येत नसेल तर वंदनेनंतर विहारात घेऊन या. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलामुलींना बसवून आपण प्रत्येकाचा कागद वाचून देऊ. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, त्या शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे.

ज्या बाईपासून सुरुवात केली, ती आता वस्तीत कोणी आजारी पडले की आमच्या आधी जाते. घरात गेल्यावर तब्येत विचारते आणि लगेच विचारते, "कागद कुठं ठेवलाय? मोडू नका, आधी ताईंना दाखवा."

जय भीम.